मोकळा कोपरा

लोणावळ्याच्या बाजारात हसिना तांबोळीचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, फॉल, अस्तर, दोऱ्यांची रिळं. बायका साडी घेऊन येतात आणि पोपटी म्हणजे नेमका कुठला पोपटी यावर आपसात भांडायला लागतात. हसिना एकदा साडीकडे बघते, एकदा बाईकडे बघते, आणि मागच्या फळीवरून न विचारता ताका काढून पुढ्यात टाकते. बाई तशी तोंडाने तिखट. "जरा गडद नाही का हो?" असं कोणी विचारलं, तर "मग साडीच दुसरी आणा" असं म्हणायलाही मागेपुढे बघायची नाही. पण एक माणूस असं होतं की त्याच्यापुढे हिचा सगळा तिखटपणा कुठल्या कुठे जायचा. ते माणूस म्हणजे नीरजा.

दोघींची पोरं बालवाडीत एका बाकावर बसायची आणि या दोघी फाटकाबाहेर एका दगडावर. तिथून जमलं ते जमलंच. नीरजा तेव्हा बँकेत होती. पुढे नोकरी सोडली आणि मळवलीच्या शेतावरच्या घराचा होमस्टे केला. मुंबई-पुण्याची माणसं येतात, चुलीवरचं जेवतात, भाताच्या खाचरात उभं राहून फोटो काढतात आणि नीरजाच्या बोलण्यावर फिदा होऊन परत जातात. बोलणंच तसं होतं तिचं. समोरच्या प्रत्येकाला वाटावं, ही फक्त माझ्याशीच बोलतेय.

आता तुम्ही म्हणाल, तोंडदेखली मैत्री असेल. अजिबात नाही. हसिनाची अम्मी शेवटी दवाखान्यात होती तेव्हा डबा घेऊन रोज कोण यायचं? नीरजा. ईदला शिरखुर्म्याचं पातेलं बोटाने पुसून कोण खायचं? नीरजाच. म्हणून तर पुढचं सगळं असं लागलं. परक्याने केलं असतं तर हसिनाने चार शिव्या हासडल्या असत्या आणि दुकान उघडलं असतं.

झालं काय, की भांगरवाडीतल्या कौमुदीने यूट्यूबवर बघून गोधड्या करायचं खूळ काढलं. गोधडी नाही म्हणायचं हं, क्विल्ट. शनिवारी दुपारी तिच्या हॉलमध्ये सातआठ बायका जमायला लागल्या. पहिल्याच दिवशी कौमुदीने सगळ्यांना हाफ स्क्वेअर ट्रँगल शिकवला. नाव मोठं, काम सोपं. दोन चौकोनी तुकडे घ्यायचे, एक फिका, एक गडद. सुलटी बाजू आत येईल असे एकावर एक ठेवायचे. पेन्सिलीने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारायची. रेघेच्या दोन्ही अंगांनी शिवण घालायची आणि मग बरोब्बर रेघेवरून कात्री चालवायची. उलगडलं की दोन जुळे चौकोन हातात येतात, दोन्ही अर्धे फिके, अर्धे गडद. कौमुदीने पहिला उलगडून दाखवला तेव्हा सगळ्या बायका "अय्या" म्हणाल्या.

हसिना मात्र फिस्सकन हसली.

"काय झालं?" कौमुदी म्हणाली. "चुकलं का काही?"

"चुकलं नाही गं. माझी नानी हेच करायची. कुरवंड्यात, कंदिलाखाली. याला ती सासर-माहेर म्हणायची. बाळंतीण घरी आली की तिच्या माहेरचं एक जुनं लुगडं मागायची, सासरचं एक, आणि दोन्हींचे असे अर्धे-अर्धे जोडून बाळाला गोधडी शिवायची. म्हणायची, पोर दोनी घरांच्या उबेत निजलं पायजे."

हसिनाच्या नानीचं नाव जैतुनबी. कुरवंड्यातल्या निम्म्या पोरांनी तिच्या गोधड्या ओल्या केल्या. पण तिचा एक फोटो नाही, कुणाच्या बोलण्यात नाव नाही, कबरीवर दगड होता तोही गवतात गेला. हसिनाला ही गोष्ट खायची. ती हे कुणाला सांगत नसे, पण नीरजाला माहीत होतं. म्हणून त्या दिवशी नीरजानेच टाळी वाजवली.

"ठरलं तर," ती म्हणाली. "आपण सगळ्या मिळून एक मोठी सासर-माहेर गोधडी करू. थंडीत माझ्या मळवलीच्या घरी प्रदर्शन लावू आणि ते जैतुननानीच्या नावाने करू. तिचं नाव चार लोकांत घेतलं गेलं पाहिजे. मी बोलेन. तुझी तर माइक दिसला की बोबडी वळते."

घरी जाताना हसिना वाटेत उगीचच दोनदा हसली. भाजीवाल्यालाही कळलं, बाई आज खुशीत आहे.

मग त्या कामाला तिने स्वतःला वाहून घेतलं. जांभळ्यापुढे हळदी, गुलबक्षीपुढे पिस्ता, रंग सगळे तिने लावून दिले. तुकडे मात्र दुकानातले नाही घेतले. घरोघरचे जुनेच घ्यायचे, असा तिने हट्ट धरला. एका कोपऱ्याचा चौकोन तिने स्वतःसाठी राखून ठेवला. त्याचा एक त्रिकोण नानीच्या ओढणीचा, गडद निळा. पेटीत ती एवढीच उरली होती. दुसरा त्रिकोण नीरजाच्या जुन्या पिवळ्या साडीचा. मुद्दाम तसा केला. एक जुळा गोधडीत गेला, दुसरा तिने दुकानात काउंटरच्या काचेखाली ठेवला. गिऱ्हाइकांनी विचारलं की सांगायची, "ही मी आणि ही माझी मैत्रीण."

एका शनिवारी बाकीच्या आल्या नाहीत. दोघीच रेघा मारत बसल्या होत्या. हात कामात असले की तोंड सैल सुटतं, आणि समोर नीरजा. हसिनाने घरातली एक गोष्ट सांगितली. नवऱ्यालासुद्धा कधी सांगितली नव्हती.

नानीची एक रीत होती. गोधडीचा शेवटचा कोपरा शिवायच्या आधी ती आत भाकरीचा तुकडा ठेवायची. वाळलेला, कडक. उपाशी गोधडीत झोप लागत नाही म्हणायची. नाना गेले त्या वर्षी घरात खायचे हाल झाले. गावातल्या कुणाची तरी गोधडी शिवून झाली होती. नानीने कुठूनतरी मागून आणलेल्या भाकरीचा तुकडा कोपऱ्यात घातला, शिवलं आणि गोधडी घडी करून ठेवली. सकाळी बघते तर कोपरा उसवलेला. हसिनाची अम्मी तेव्हा लहान होती. तिने तो तुकडा काढून खाल्ला होता. नानीने तिला मारलं नाही, रागावलीही नाही. एवढंच केलं, की त्यानंतरच्या प्रत्येक गोधडीत तुकडा मोठा ठेवला आणि त्या कोपऱ्याची शिवण सैल घातली. पोराच्या बोटाला उसवेल इतकी सैल.

"अम्मीने हे दवाखान्यात सांगितलं मला," हसिना म्हणाली. "डोळे मिटून सांगितलं. म्हणाली, लोकांच्या गोधडीतलं चोरलं मी. एवढी म्हातारी झाली तरी लाज गेली नव्हती तिची. कुणाला सांगू नकोस हं."

नीरजाचे डोळे भरले होते. तिने हसिनाचा हात धरला. "कुणाला सांगतेय मी?" ती म्हणाली.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी गोधडी पुरी झाली. नीरजा म्हणाली, "शेवटचा कोपरा तू घाल. नानीसारखा." हसिनाने घरून तांदळाच्या भाकरीचा तुकडा उन्हात वाळवून आणला. नानीच्या निळ्या त्रिकोणाखाली ठेवला, मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हटलं आणि वरून चार सैल टाके घातले. टाके घालताना तिला नानीचीच बोटं दिसत होती. बाई अगदी सुखात होती हो.

रविवारी ती आधी कुरवंड्याला गेली. तिथे तिचे इब्राहिम मामू राहतात, नानीचा धाकटा आणि आता उरलेला एकटा मुलगा. त्यांना ती म्हणाली होती, "मामू, तुमच्या अम्माचं नाव घेणार आहेत. लोक येणार आहेत मुंबईचे." म्हातारा पहाटेच उठून बसला होता. इस्त्रीचा सदरा, डोळ्यांत सुरमा, कानात अत्तराचा बोळा. रिक्षात बसल्यावर त्यांनी तीनदा विचारलं, "नाव घेत्याल ना गं खरंच?"

"घेणार म्हणजे काय! तिच्याच नावाचा कार्यक्रम आहे."

मळवलीला पोचल्यावर हसिना फाटकाशीच थबकली. दारात रांगोळी, झेंडूची तोरणं, आणि मधोमध फलक. त्यावर लिहिलं होतं: 'आजीची गोधडी'. नानीचं नाव नव्हतं. तिला जरा चमत्कारिक वाटलं, पण तिने मनाची समजूत घातली, की फलकावर सगळं थोडंच मावतं. आत नीरजा बोलणारच आहे. मामूंना तिने पहिल्या रांगेत बसवलं आणि स्वतः शेजारी बसली.

हॉल गच्च भरला. समोरच्या भिंतीवर गोधडी लावलेली. काय देखणी दिसत होती! नुसते त्रिकोण, पण लांबून बघावं तर पाण्यावर रंग हलताहेत असं वाटत होतं. बाजूला मोबाइल लावलेली उभी काठी. नीरजा नऊवारी नेसून, नथ घालून आली होती. उभ्या जन्मात तिने नथ घातली नव्हती. हसिना मामूंच्या कानाशी लागून म्हणाली, "हीच माझी मैत्रीण."

नीरजाने माइक हातात घेतला.

"माझी आजी," ती म्हणाली, आणि क्षणभर थांबली. "माझी आजी मावळातल्या एका छोट्या गावात राहायची. कंदिलाच्या उजेडात ती गोधड्या शिवायची. या चौकोनाला ती म्हणायची सासर-माहेर."

हसिनाला आधी वाटलं, बोलायची पद्धत आहे. आता म्हणेल, ही आजी म्हणजे माझ्या मैत्रिणीची नानी. आता म्हणेल. पुढच्या वाक्याला म्हणेल. पण नीरजा पुढे जात राहिली. आजी तुळशीपुढे दिवा लावून गोधडी शिवायला बसायची. आजी ओवी गुणगुणायची. अहो, नीरजाची आजी पुण्यात सदाशिव पेठेत राहायची आणि तिने आयुष्यात सुई धरली असेल तर पायातला काटा काढायला! हसिनाने बघितलेली होती ना ती म्हातारी. दुकानातून आणलेल्या रजईत झोपायची.

"अम्माचं नाव कवा घेत्याल?" मामू हळूच म्हणाले.

"घेतील," हसिना म्हणाली.

आणि मग नीरजाचा आवाज खाली आला. तो कसा खाली येतो हे हसिनाला चांगलं ठाऊक होतं. "आजीने एक गोष्ट मला सांगितली होती," नीरजा म्हणाली. "फक्त मला."

भाकरीचा तुकडा. रात्री उसवलेला कोपरा. उपाशी पोर. सैल शिवण. एक शब्द कमी नाही. 'पोराच्या बोटाला उसवेल इतकी सैल' हेसुद्धा जसंच्या तसं, हसिनाच्याच तोंडचं. नीरजा गोधडीपाशी गेली, कोपरा हातात घेतला आणि बोटाने चार टाके अलगद ओढले. आतला तुकडा काढून तिने उंच धरला. सगळ्या हॉलमधून "अहाहा" उठलं. एका बाईने डोळ्याला रुमाल लावला. टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. नीरजाने तो तुकडा पितळी ताटलीत झेंडूच्या पाकळ्यांवर ठेवला, आणि लोक मोबाइल घेऊन त्याचे फोटो काढायला पुढे सरसावले.

अम्मीचे मिटलेले डोळे हसिनाला दिसत होते. कुणाला सांगू नकोस हं, असं म्हणताना आपलीच जीभ त्या दुपारी किती हलकी झाली होती, तेही आठवलं. नानीचं नाव तर गेलंच. वर अम्मीची लाज ताटलीत मांडली होती, फुलं घालून. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि तो कापताना नीरजाने तिच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. पहिल्या रांगेत, चार हातांवर बसलेली मैत्रीण. एकदाही नाही.

लोक जेवायला अंगणात गेले. पिठलं-भाकरीचा वास आत आला. हॉलमध्ये हसिना आणि मामू दोघंच उरले. कुणीतरी मामूंच्या हातात चहाचा कप दिला होता, तो तसाच होता.

"मामू, चला," हसिना म्हणाली. "माझं चुकलं. तुम्हाला उगीच आणलं."

मामू ताटलीकडे बघत होते. "ती बाई खोटं सांगती," ते म्हणाले.

"हो मामू. सगळं खोटं."

"तसं न्हाई गं. आजी तिची न्हाई, त्ये तर कळलंच मला. पर त्यो तुकडा पोरीनं खाल्ला न्हाई. आपानं, तुज्या अम्मीनं काढला, व्हय. काढून माज्या तोंडात घातला. मी लय रडत हुतो. सकाळी अम्मानं इचारलं तवा आपा म्हनली, मीच खाल्ला." म्हाताऱ्याने सदऱ्याच्या बाहीने नाक पुसलं. "तिनं कदी माजं नाव सांगितलं न्हाई. मला वाटायचं, इसरली आसंल."

म्हणजे अम्मी मरेपर्यंत धाकट्या भावाची चोरी आपल्या अंगावर घेऊन बसली होती. हसिना परत मामूंच्या शेजारी बसली. एक बाई आयुष्यभर तोंड मिटून राहिली, आणि आपण एका दुपारी, हातात पेन्सिल होती म्हणून, सगळं ओतून मोकळ्या झालो.

तेवढ्यात नीरजा आत आली. चेहरा नुसता फुललेला. "कसं झालं? अगं, एक बाई रडत होती, बघितलंस? त्यांना पुण्यात असाच कार्यक्रम हवाय."

"नानीचं नाव राहिलं," हसिना म्हणाली.

"अगं हो." नीरजाने नथ काढून हातात घेतली. "शेवटी घेणारच होते. पण ओघ तुटला असता. तुला माहितेय ना लोक कसे असतात. माझी आजी म्हटलं की लगेच भिडतं त्यांना. तिथे जैतुनबी म्हटलं असतं तर मग ते समजावत बसावं लागलं असतं."

"काय समजावायचं होतं?"

नीरजा हातातली नथ उलटसुलट करायला लागली.

"काय समजावायचं होतं, नीरजा? शिरखुर्मा खाताना तर तुला कुणी काही समजावलं नव्हतं."

"तू ना, भलतंच मनाला लावून घेतेस. मी कुणाचं वाईट केलंय का? उलट गोष्ट जगली ना त्यामुळे? कुठे कुरवंड्यात गवतात पडली होती, आता हजारो लोक बघतील."

कबरीवरचं गवत हसिनाने तिलाच सांगितलं होतं. तेही तिने वापरलं. हसिनाच्या तोंडात एक सणसणीत शिवी आली होती. तिने ती गिळली, मामू होते म्हणून. उठून तिने ताटलीतला तुकडा उचलला, त्याला चिकटलेली पाकळी झटकली आणि मामूंच्या पुढे धरला.

"घ्या मामू. तुमचा आहे."

मामूंनी तुकडा चहात बुडवला. दात नव्हते, म्हणून जरा वेळ तसाच धरला. मग तोंडात घातला आणि डोळे मिटून चघळत राहिले.

"अगं, हे काय!" नीरजा पुढे आली. "तो लागणार होता. संध्याकाळी दुसरे पाहुणे येताहेत, त्यांना परत दाखवायचंय."

हसिनाने तिच्याकडे बघितलंच नाही. ती गोधडीपाशी गेली. कोपऱ्याचा निळा त्रिकोण लोंबत होता. एकदा मनात आलं, उसवून घेऊन जावा. पण तिरकं कापलेलं कापड ओढलं की ताणलं जातं, मग परत त्या मापाचं राहत नाही. शिवाय पलीकडच्या अंगाला ते पिवळं होतंच चिकटलेलं. राहू दे. तिने पर्समधून सुई-दोरा काढला, दोरा दुहेरी केला आणि कोपरा शिवायला घेतला. एकाला एक लागून बारीक टाके, करकचून ओढलेले. पोराचंच काय, कुणाचंच बोट शिरलं नसतं.

नीरजा बघत उभी होती. "हसिना," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज खरंच खाली आला होता. "अगं, आत काहीतरी घाल तरी. उपाशीच शिवतेस?"

हसिनाने गाठ मारली आणि दोरा दाताने तोडला.

"तुझ्या आजीची आहे ना," ती म्हणाली. "तिला विचार, ती काय घालायची."

मग तिने मामूंच्या हातातला कप खाली ठेवला, त्यांच्या कोपराला धरलं आणि रिक्षा बघायला फाटकाबाहेर गेली.